विंडोज अर्ध्यावर अडली तर: आधी डेटा, मग पेनड्राइव्ह, मग लॅपटॉप

पारोळ्याच्या एका ताईंनी विचारलं आहे. बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. लॅपटॉप अकराव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. विंडोज हळू चालायला लागली म्हणून गावातल्या एका मुलाकडून पेनड्राइव्ह आणून विंडोज ११ नव्याने टाकायला घेतली. पहिल्यांदा सेटअपला ड्राइव्हच दिसेना. व्हिडिओ बघून बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हीएमडी नावाचा पर्याय बंद केला, तेव्हा ड्राइव्ह दिसली. मग सी ड्राइव्ह आणि तिच्यासोबतची छोटी पार्टिशनं डिलीट केली, डी ला हात लावला नाही. फाइल कॉपी होताना ६२ टक्क्यांवर ‘०एक्स८००७०२५डी’ अशी एरर आली. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा ६० ते ६५ च्या दरम्यान तेच. आता लॅपटॉप चालू केला की काळ्या स्क्रीनवर ‘नो बूटेबल डिव्हाइस’. डी मध्ये कॉलेजचं प्रोजेक्ट आहे, डेस्कटॉपवर आजोबांच्या पंच्याहत्तरीचे फोटो होते. दुकानदार म्हणतो एसएसडी गेली, नवी टाका. खरंच गेली का?

ताई, बहुधा नाही. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून एसएसडी मेल्याचं एकही लक्षण मला दिसत नाही. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ हे वाक्य भीतीदायक वाटतं, पण तुमच्या बाबतीत ते अगदी अपेक्षित आहे. लॅपटॉप सुरू होताना ज्या छोट्या ईएफआय पार्टिशनमधून विंडोजला हाक मारतो, ते तुम्ही डिलीट केलं. सेटअप ते नव्याने बनवतो, पण त्यात चालू होण्याच्या फाइली टाकण्याचं काम सगळ्या फाइली उलगडून झाल्यावर, अगदी शेवटी होतं. तुमचा सेटअप तिथपर्यंत पोचलाच नाही. म्हणजे घर अर्धं बांधून झालंय आणि दार अजून बसवलेलं नाही, एवढाच अर्थ. मेलेली एसएसडी सेटअपमध्ये आकारासकट दिसत नाही, आणि तीन वेळा ६० टक्क्यांपर्यंत फाइली लिहूनही घेत नाही.

मी २००६ पासून जळगावात हेच काम करतोय. रोज कुणी ना कुणी येतं, लॅपटॉप टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, “भाऊ, विंडोज मारून द्या.” त्यात चार वेळा घरी मारून अडलेली आणि पाचव्यांदा माझ्याकडे आलेली मंडळी खूप. त्यांना मी पहिली विनंती करतो तीच तुम्हाला करतो: पुन्हा सुरू करू नका. अडलेला सेटअप काहीतरी सांगत असतो. तो कुठल्या पायरीवर अडला, काय शब्दांत अडला, दर वेळी त्याच जागी अडला की वेगवेगळ्या, यातच निम्मं निदान असतं. तुम्ही टक्केवारी लिहून ठेवलीत, एररचा आकडा जसाच्या तसा लिहिलात, यामुळेच मी इथे बसून काही सांगू शकतोय. “एरर आली” एवढंच सांगणाऱ्याला मी काहीच सांगू शकत नाही.

आता आधी डेटा. बाकी सगळं नंतर.

डी ड्राइव्हला तुम्ही हात लावला नाही, तर प्रोजेक्ट तिथेच असण्याची शक्यता भरपूर आहे. ते बाहेर काढायचे दोन मार्ग. एक, दुसऱ्या कॉम्प्युटरवर, दुसऱ्या पेनड्राइव्हवर उबंटू किंवा लिनक्स मिंट चढवा, त्यावरून लॅपटॉप चालू करा आणि ‘ट्राय’ म्हणजे न टाकता वापरून पाहण्याचा पर्याय निवडा. ‘इन्स्टॉल’ला चुकूनही हात लावू नका. फाइल मॅनेजरमध्ये डी दिसेल, ती बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. दोन, एसएसडी काढून एनव्हीएमई केसिंगमध्ये (एसएसडी बाहेरून यूएसबीने जोडायच्या डबीत) घाला आणि मैत्रिणीच्या लॅपटॉपला यूएसबीने जोडा. मला दुसरा मार्ग बरा वाटतो, कारण त्यात तुमच्या लॅपटॉपची रॅम, पंखा, बायोस यांपैकी कशाचाही संबंध उरत नाही. मागचं झाकण कधी उघडलं नसेल तर मात्र पहिलाच मार्ग घ्या. झाकणाच्या चिमट्या फार नाजूक असतात.

जोडल्यावर डी ड्राइव्हवर कुलपाचं चित्र दिसलं तर घाबरू नका. अलीकडच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने पहिल्यांदा लॉगिन केलं की पुष्कळदा ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे तिला कुलूप लागतं. सेटिंगमध्ये त्याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात, आतून ते बिटलॉकरच. कुलूप उघडायला ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन केल्यावर तुमच्या डिव्हाइसच्या पानावर मिळते. तिथे एकाहून जास्त की दिसल्या तर स्क्रीनवर जो की आयडी येतो त्याची पहिली ८ अक्षरं जुळवून बघा.

इथे एक अनुभव सांगतो, कारण त्याने मी आजही अस्वस्थ होतो. धरणगावकडच्या एका गुरुजींचा लॅपटॉप आला. मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो त्यात. ड्राइव्हला कुलूप. गुरुजींचं मायक्रोसॉफ्टचं खातं उघडलं तर त्यात एकही की नाही. विचारता विचारता कळलं की नवीन लॅपटॉप घेतला तेव्हा विकणाऱ्या मुलाने ‘पटकन चालू करून देतो’ म्हणून स्वतःच्याच मेल आयडीने खातं लावलं होतं. तो मुलगा दुसरीकडे कामाला गेलेला. त्याला शोधून, त्याच्या मोबाइलवरून की मिळवायला आठ दिवस गेले. मिळाली हे गुरुजींचं नशीब. नवा लॅपटॉप दुकानातून चालू करून घेताना मेल आयडी तुमचाच लागलाय ना, हे तिथेच उभं राहून बघा. ती ४८ आकडी की कागदावर उतरवून बिलासोबत ठेवा.

डेस्कटॉपवरच्या फोटोंबद्दल खरं सांगायला हवं, ताई. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्ये असतो आणि सी तुम्ही डिलीट केली. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर डिलीट झालेलं पुष्कळदा परत काढता येतं, कारण वर नवीन लिहिलं जाईपर्यंत जुनं तिथेच असतं. एसएसडीत तसं नाही. पार्टिशन फॉरमॅट झालं की विंडोज एसएसडीला सांगते की ही जागा आता मोकळी, आणि एसएसडी स्वतःहून ती आतून साफ करते. याला ट्रिम म्हणतात. त्यावर तुम्ही तीन वेळा नव्या फाइली लिहिल्या. त्यामुळे ‘सगळं काढून देतो, आठ हजार द्या’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. पण आशा सोडण्याआधी एक जागा नक्की बघा: वनड्राइव्ह. विंडोज ११ सुरुवातीलाच डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हवर चढवायला सांगते आणि बरेच जण न वाचता ‘नेक्स्ट’ करतात. फुकट जागा ५ जीबी असते, त्यामुळे सगळे नाही तरी काही फोटो तिथे असू शकतात. रिसायकल बिनसुद्धा उघडून बघा. आणि ज्यांच्या मोबाइलने फोटो काढले त्यांच्या गॅलरीत, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपात विचारा. माझ्याकडे हरवलेले कित्येक फोटो शेवटी मामाच्या मोबाइलात सापडलेत.

डेटा बाहेर निघाला की मग मूळ दुखण्याकडे वळू.

‘०एक्स८००७०२५डी’ हा आकडा गूढ वाटतो, पण त्याचा अर्थ सरळ आहे. पेनड्राइव्हवर विंडोजच्या हजारो फाइली सुट्या नसतात. त्या एका मोठ्या, दाबून भरलेल्या फाइलीत असतात. कापसाची गाठ जशी प्रेसमध्ये दाबून बांधतात, तशी. सेटअप ती गाठ उलगडत उलगडत फाइली एसएसडीवर मांडतो, आणि स्क्रीनवरची टक्केवारी हीच उलगडण्याची असते. मध्ये कुठे दाबलेला मजकूर बिघडलेला निघाला तर उलगडणं तिथेच थांबतं आणि हा आकडा येतो. म्हणजे तक्रार एसएसडीविषयी नाहीच मुळी. तक्रार अशी आहे की ‘मला वाचायला जे मिळालं ते धड नाही’. ते तीन ठिकाणी बिघडू शकतं: डाउनलोड केलेली आयएसओ फाइल (अख्खी विंडोज एकत्र बांधलेली फाइल) अर्धवट किंवा खराब, पेनड्राइव्ह खराब किंवा खोटा, किंवा वाचलेलं जिथे क्षणभर ठेवलं जातं ती रॅम खराब.

यातलं कुठलं, हे ओळखायची माझी रोजची रीत आहे. दर वेळी साधारण त्याच टक्क्याला अडत असेल तर फाइल किंवा पेनड्राइव्ह, कारण खराब जागा एकाच ठिकाणी बसलेली असते. एकदा १८ वर, एकदा ७० वर, एकदा सेटअप सुरू होण्याआधीच निळी स्क्रीन, असं विखुरलेलं असेल तर रॅम, गरमी किंवा यूएसबीचं पोर्ट. तुमचं तिन्ही वेळा ६० ते ६५. माझा पहिला संशय पेनड्राइव्हवर आहे.

पेनड्राइव्ह खोटा म्हणजे काय, तेही सांगतो. बाहेर ६४ जीबी छापलेलं असतं, कॉम्प्युटरलाही ६४ दिसतं, पण आत चिप ४ किंवा ८ जीबीची. तेवढी भरेपर्यंत सगळं सुरळीत. त्यापुढे जे लिहाल ते कुठेच जात नाही, आणि कॉपी मात्र ‘यशस्वी’ दिसते. विंडोज ११ ची आयएसओ ५ जीबीहून मोठी असते, आणि त्याच पेनड्राइव्हवर आणखी सॉफ्टवेअर, गाणी, पिक्चर भरलेले असतील तर विंडोजचा शेवटचा भाग नेमका त्या खोट्या जागेत जाऊन पडतो. सुरुवातीची गाठ छान उलगडते आणि अर्ध्यावर माती निघते. तपासायला एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट छोटं सॉफ्टवेअर आहे. पेनड्राइव्ह रिकामा करायचा, त्याला पूर्ण भरून परत वाचायला सांगायचं. तास-दीड तास लागतो, पण शेवटी साफ सांगतं की खरी जागा किती. आठवडी बाजारातल्या स्वस्त पेनड्राइव्हवर मी हे केल्याशिवाय कुणाचीही विंडोज टाकत नाही.

दुसरी गोष्ट, ‘गावातल्या मुलाकडून आणलेला’ पेनड्राइव्ह. त्या मुलाचा हेतू चांगलाच असणार. पण असे पेनड्राइव्ह हातोहात फिरतात, त्यात कुणीतरी फेरफार केलेली विंडोज असते, सोबत ॲक्टिव्हेटर (विकत न घेता विंडोज ॲक्टिव्ह करणारा चोरटा प्रोग्राम) असतो आणि तो चालावा म्हणून अँटिव्हायरस आधीच बंद करून ठेवलेला असतो. अशी विंडोज यशस्वी चढली तर मला जास्त काळजी वाटते. तुम्ही त्यावर बँकेचा पासवर्ड टाकणार, परीक्षेचा फॉर्म भरणार. आणि तुम्हाला त्याची गरजच नाही. तुमचा लॅपटॉप विंडोजसकट आलेला असेल तर तिची की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिलेली असते. सेटअप ती स्वतः वाचतो, योग्य आवृत्ती, बहुतेक वेळा होम, आपली आपण निवडतो आणि इंटरनेट लागलं की विंडोज ॲक्टिव्ह होते. एक रुपया लागत नाही. ‘पाचशे रुपयांत ओरिजिनल विंडोज’ विकत घेऊ नका. फेरफार केलेल्या पेनड्राइव्हवर फक्त प्रो आवृत्ती असेल तर सेटअप ‘प्रॉडक्ट की कुठल्याही इमेजशी जुळत नाही’ असं म्हणून सुरुवातीलाच थांबतो, आणि लोकांना वाटतं लॅपटॉपच बिघडला.

तेव्हा नवा पेनड्राइव्ह बनवा. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा मैत्रिणीच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, किमान ८ जीबीचा चांगल्या कंपनीचा रिकामा पेनड्राइव्ह लावा आणि त्या टूललाच सगळं करू द्या. ते उतरवतं, तपासतं आणि चढवतं. मोबाइल डेटावर उतरवणार असाल तर रात्री लावा. मध्येच रेंज जाऊन अर्धवट उतरलेल्या फाइली इकडे फार. आयएसओ वेगळी उतरवली असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल वापरून तिचा शा-२५६ (फाइलीचा बोटाचा ठसाच म्हणा) काढा आणि मायक्रोसॉफ्टच्या पानावर दिलेल्या आकड्याशी ताडून बघा. एक अक्षर जरी वेगळं निघालं तर ती फाइल फेकून द्या.

काही जण आयएसओ उघडून आतल्या फाइली हाताने पेनड्राइव्हवर ओढतात. पेनड्राइव्ह बऱ्याचदा फॅट-३२ पद्धतीचा असतो आणि त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. ती दाबलेली मोठी गाठ नेमकी त्याहून मोठी असते. कॉम्प्युटर म्हणतो ‘फाइल फार मोठी आहे’, लोक ‘स्किप’ दाबतात, आणि मग सेटअप सुरू होतो पण आत टाकायला विंडोजच नसते. रूफस (पेनड्राइव्ह बनवायचं फुकट सॉफ्टवेअर) वापरत असाल तर ही अडचण तो स्वतः सोडवतो, फक्त पार्टिशन स्कीम जीपीटी आणि टार्गेट यूईएफआय ठेवा.

आता व्हीएमडी. यावर थोडं थांबतो, कारण अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपवर ‘ड्राइव्हच दिसत नाही’ ही तक्रार माझ्याकडे सगळ्यात जास्त येते आणि याच ठिकाणी दुकानदार नवी एसएसडी विकतात. व्हीएमडी म्हणजे एसएसडी आणि विंडोज यांच्या मध्ये बसवलेला इंटेलचा एक थर. तो चालू असेल तर एसएसडी सरळ दिसत नाही, इंटेलच्या ड्रायव्हरमधूनच दिसते, आणि विंडोजच्या सेटअपमध्ये तो ड्रायव्हर बऱ्याचदा नसतो. मी धंदा सुरू केला तेव्हा एक्सपीचं हेच होतं. नवीन साटा हार्ड डिस्कचे लॅपटॉप यायला लागले, एक्सपीच्या सीडीत त्यांचा ड्रायव्हर नाही, सेटअप निळ्या स्क्रीनवर आपटायचा, आणि आम्ही एफ ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यायचो. ज्या लॅपटॉपला फ्लॉपीच नाही त्याला यूएसबीची फ्लॉपी शोधत मी गोलाणी मार्केटचे मजले पालथे घातलेत. दुखणं तेच आहे, फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह आला.

यावर उपाय दोन. पहिला, लॅपटॉप कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा, तो उलगडून त्याचं फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा, आणि ड्राइव्ह निवडायच्या स्क्रीनवर ‘लोड ड्रायव्हर’ दाबून ते फोल्डर दाखवा. नुसती ईएक्सई फाइल दाखवून चालत नाही, आत आयएनएफ फाइल दिसली पाहिजे. दुसरा, तुम्ही केलं तसं बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणं. काही लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो. एसरच्या बऱ्याच मॉडेलांत बायोसच्या मेन पानावर कंट्रोल आणि एस दाबल्यावरच तो दिसतो.

एकच एसएसडी असलेल्या घरच्या लॅपटॉपवर व्हीएमडी बंद ठेवण्यात मला काही नुकसान दिसत नाही. तुमच्या बाबतीत तो बंदच राहू द्या. मात्र एसएसडीसोबत ऑप्टेन मेमरी (ड्राइव्हचा वेग वाढवणारी इंटेलची जास्तीची मेमरी) जोडलेली असेल अशा लॅपटॉपवर तो बंद करू नका. आणि ही गोष्ट घट्ट लक्षात ठेवा: जो पर्याय ठेवून विंडोज टाकली, तोच नंतर कायम ठेवायचा. चालू विंडोजवर तो उलटा केला तर पुढच्या वेळी ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ अशी निळी स्क्रीन येते. अशा वेळी विंडोज परत टाकायची गरज नसते, पर्याय पूर्ववत केला की ती चालू होते. बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी त्या पानाचा मोबाइलने फोटो काढा.

पार्टिशनच्या स्क्रीनवर आलात की डिस्क ० आणि डिस्क १ दोन्ही दिसतील. त्यातला एक पेनड्राइव्ह असतो, आकार बघून ओळखा. डी बाहेर कॉपी झाली आहे आणि कॉपी केलेल्या दोन-चार फाइली उघडून पाहिल्यात, असं असेल तरच पुढे. मागच्या तीन प्रयत्नांत बनलेली सिस्टीम, एमएसआर, प्रायमरी अशी सगळी पार्टिशनं डिलीट करा, डी सोडून. जी मोकळी जागा दिसेल ती निवडून सरळ ‘नेक्स्ट’. स्वतः पार्टिशन बनवत बसू नका, सेटअप त्याला लागतील ती बनवतो.

तुमच्या प्रश्नात नाही, पण जुन्या लॅपटॉपवाल्यांसाठी एवढं सांगून ठेवतो. डिस्कवरच्या पार्टिशनांची नोंद ठेवायच्या दोन पद्धती आहेत, जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी. याच स्क्रीनवर ‘डिस्क एमबीआर आहे’ किंवा ‘डिस्क जीपीटी आहे’ म्हणून सेटअप नकार देतो, तेव्हा डिस्क खराब नसते. पेनड्राइव्ह एका पद्धतीने चालू झालाय आणि डिस्क दुसऱ्या पद्धतीची आहे, एवढंच. बूट मेन्यूत तोच पेनड्राइव्ह बऱ्याचदा दोन नावांनी दिसतो, त्यातला यूईएफआय लिहिलेला निवडा. व्हिडिओत सांगतात ती ‘डिस्कपार्ट, क्लीन’ कमांड देण्याआधी हात आवरा. क्लीन फक्त सी पुसत नाही, अख्ख्या डिस्कचं पार्टिशन टेबल पुसते, डी सकट. चोपड्याच्या एका दूध डेअरीचा चार वर्षांचा हिशेब असा एका ओळीत गेलेला मी पाहिलाय. चालू विंडोजवरून डेटा ठेवून बदल करायचा असेल तर एमबीआरटूजीपीटी नावाचं टूल विंडोजमध्येच आहे. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशनं असतील तर मात्र ते चालत नाही.

सातव्या पिढीचे किंवा त्याहून जुने इंटेल प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, विंडोज ११ च्या यादीत नाहीत. जवळपास सगळ्यांनाच सेटअप ‘या पीसीवर चालणार नाही’ म्हणतो. तोही बिघाड नव्हे. आडमार्गाने टाकता येते, पण मी गिऱ्हाइकाला तसं करून देत नाही, कारण पुढचे अपडेट मिळतील याची कुणी हमी घेत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा लॅपटॉपला एसएसडी टाकून लिनक्स मिंट हा माझा सल्ला असतो. मराठी टायपिंग त्यात व्यवस्थित चालतं. फक्त तुमचा प्रिंटर आणि डिजिटल सही चालते का, हे टाकण्याआधी ‘ट्राय’ करून बघा.

आता समजा, नवा पेनड्राइव्ह, ताडून घेतलेली फाइल, दुसरं यूएसबी पोर्ट, एवढं करूनही तीच एरर आली. मग पेनड्राइव्ह सुटला आणि लॅपटॉप पकडला. आधी रॅम. मेमटेस्ट-८६ पेनड्राइव्हवर चढवून रात्रभर चालू ठेवा. सकाळी एकही लाल ओळ नको. दोन रॅम असतील तर एक काढून टाकून बघा. आमच्याकडे रॅमचे सोनेरी दात खोडरबरने हलके पुसून परत बसवतात, आणि त्याने खरंच फरक पडतो, पण त्याआधी चार्जर काढा आणि बॅटरीची वायर सोडवा. तुमच्या लॅपटॉपची रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असेल तर मात्र हे घरचं काम नाही.

मग गरमी. ही आपल्याकडची खास अडचण आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. गाठ उलगडताना प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालतो, आणि पंखा कोंडलेला असेल तर लॅपटॉप स्वतःला वाचवायला धाडकन बंद होतो. तेव्हा एररही येत नाही, नुसता अंधार. जिनिंगच्या ऑफिसातले लॅपटॉप माझ्याकडे येतात तेव्हा पंख्याच्या जाळीवर रुईचा असा थर असतो की चिमट्याने सोलून काढावा लागतो. वरून फुंकर मारून तो निघत नाही. तुमच्या घरी कापूस साठवत असाल तर हे नक्की बघून घ्या. विंडोज पहाटे किंवा रात्री टाका, लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर ठेवा.

लाइटचंही तसंच. बॅटरी काढून, नुसत्या चार्जरवर विंडोज टाकू नका. मध्येच लाइट गेली की अर्धी चढलेली विंडोज घेऊन परत पहिल्यापासून. बॅटरी फुगल्यामुळे काढलेली असेल तर इन्व्हर्टरच्या सॉकेटवर लावा.

एसएसडीचा नंबर सगळ्यात शेवटी. तीही तपासायची असेल तर विकत घ्यायची गरज नाही. एचपीवर चालू करताना एफ २, डेलवर एफ १२ दाबून डायग्नोस्टिक्स, त्यात स्टोरेजची चाचणी असते. केसिंगमध्ये घालून दुसऱ्या लॅपटॉपला जोडली असेल तेव्हाच क्रिस्टलडिस्कइन्फोने तब्येत बघून घ्या. तिथे ‘गुड’ आणि ९० च्या पुढे टक्के दिसले तर त्या दुकानदाराला नम्रपणे नाही म्हणा.

फाइली १०० टक्के होऊन पहिला रीस्टार्ट झाला की पेनड्राइव्ह काढून घ्या, नाहीतर सेटअप परत पहिल्या पानावरून सुरू होतो आणि माणसाला वाटतं पुन्हा अडलं. पुढे वायफायचं नेटवर्कच दिसत नाही अशी स्क्रीन येऊ शकते. वायफायचा ड्रायव्हर अजून आलेला नसतो म्हणून. मोबाइल केबलने जोडा, त्यात यूएसबी टेदरिंग चालू करा, लॅपटॉपला लगेच इंटरनेट मिळतं. कमांड लिहून ती स्क्रीन चुकवायचे जे जुने उपाय व्हिडिओत दाखवतात, ते नव्या आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्टने काढून टाकत आणले आहेत.

ताई, तुम्ही आज फक्त दोन गोष्टी करा. डी कॉपी करा, आणि तो जुना पेनड्राइव्ह रिकामा करून त्यावर एचटूटेस्टडब्ल्यू चालवा. त्यात एरर निघाली तर आपला चोर सापडला, नव्या पेनड्राइव्हने विंडोज अर्ध्या तासात चढेल. तो स्वच्छ निघाला आणि नव्यानेही अडली, तर मेमटेस्टच्या स्क्रीनचा फोटो पाठवा. लाल ओळी आल्यात का ते बघून पुढे काय करायचं, ते मी सांगतो.